शीर्षक नसलेली घागर

आमच्या गल्लीत गाईनं शेण टाकलं तरी वसंतनाना आधी बघतात, ते कुठल्या कलाचळवळीत बसतं. फदफदून पसरलं असेल तर अमूर्त अभिव्यक्तिवाद. नीट गोल, एका जागी असेल तर मिनिमलिझम. निकाल लागल्यावरच झाडूवाल्या ताईंना पुढे सरकता येतं.

नाना माझे शेजारी. मूळ धुळ्याकडचे, नोकरी भुसावळला रेल्वेत. मालगाडीच्या डब्यांवर नंबर रंगवण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर जळगावला आमच्या कॉलनीत घर बांधलं, आणि ज्या वयात माणसं गुडघे धरून बसतात त्या वयात नानांनी एका कलावर्गात नाव घातलं. विषय : १९५० नंतरच्या कलाचळवळी. वर्ग फक्त रविवारी. उरलेले सहा दिवस नाना आम्हाला शिकवतात.

"सर, तुम्ही विज्ञानवाले, तुम्हाला मुद्दाम समजावून सांगतो," असं म्हणून ते मला एकदा हायवेपर्यंत घेऊन गेले. रावेरहून केळीचे ट्रक येत होते. "हे पॉप आर्ट. एकच वस्तू हजार वेळा. सगळं बठ्ठं नीट पाहानं, मंग बोलानं." आम्ही दोघं इतकं नीट पाहत होतो की एका ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि उतरून चारी बाजूंनी टायर तपासले.

साहेबराव पाटलांचा प्लॉट बारा वर्षं रिकामा पडलाय. नानांच्या मते कॉलनीतली सर्वात धाडसी कलाकृती तीच. साहेबरावांनी तिथे बोअर घेतली तेव्हा नाना आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत ते बोलायला उठले आणि सात मिनिटं नुसते उभे राहिले. सचिवांनी इतिवृत्तात 'नानांनी मौन पाळले, कोणाला ते कळले नाही' असं लिहिलं. नंतर समजलं, तो परफॉर्मन्स होता.

हे सगळं घरात ऐकून घ्यायला अक्का होत्या, नानांच्या पत्नी. ओट्यावर मेथी निसत बसायच्या आणि नाना खुर्चीवरून चळवळी सांगायचे. एखादी चळवळ संपली की अक्का म्हणायच्या, "व्हयनं का? मंग आते हाई जुडी तुम्ही निसा." नाना निमूट निसायचे. अक्कांना हाक मारायची तर "ऐकलं का!" एवढंच. बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही जुन्या माणसांची रीत. बाकी सगळ्या बाबतींत समकालीन झालेले नाना इथे मात्र जुनेच राहिले.

गेल्या हिवाळ्यात अक्का चार दिवसांच्या तापानं गेल्या. नाना रडले नाहीत. फक्त एक रविवार वर्गाला गेले नाहीत.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे या सणाला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, शेजारी आंबा आणि सांजोरी. मग घरातल्या कर्त्यानं नाव घेऊन पाणी सोडायचं. लेक सुनीता धुळ्याहून लाल घागर घेऊन आली. आईची पहिली घागर! नाना म्हणाले, "मी आता या कर्मकांडात पडत नाही. मी समकालीन माणूस आहे."

"आईचं नाव एकदा घ्यायला एवढं जड जातंय, नाना?" सुनीता म्हणाली. घागर ओट्यावर ठेवून ती रडत परत गेली. त्यानंतर तिनं फोन केला नाही. खरं सांगतो, मला नानांचा राग आला होता. माणूस हुशार असला म्हणून एवढं कोरडं असावं?

दोन आठवड्यांनी वर्गाचं शेवटचं प्रदर्शन होतं. बाहेरगावचे परीक्षक गुण देणार होते. नानांनी मला सोबत नेलं. मीच सुनीताला कळवलं होतं. ती आली, पण दाराशीच उभी राहिली. हॉलच्या मधोमध नानांचं मांडणशिल्प होतं : तीच लाल घागर, छोटं मडकं, खरबूज, आंबा, सांजोरी. खाली चिठ्ठी : 'शीर्षक नाही'.

"नाव दिलं की लोक नाव वाचतात, काम पाहत नाहीत," नाना परीक्षकांना ठणकावून सांगत होते.

तेवढ्यात कुणा विद्यार्थिनीची आजी आली. पारोळ्याकडची असावी. तिनं घागर पाहिली, चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि थेट पुढे जाऊन हात जोडले. तिच्या मागोमाग आणखी दोन बायकांनी चपला काढल्या. परीक्षक घाईघाईनं म्हणाले, "आजी, ही कलाकृती आहे."

आजीनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "कोना नावनी घागर शे, भाऊ?"

"नाव नाही, आजी. मुद्दामच दिलेलं नाही," नाना म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"बिननावनी घागर ऱ्हास का कोठे? नाव लिधाशिवाय पानी पोचस का? तो जीव तिकडे तान्हेला बठेल व्हई ना, भाऊ."

नानांचा हात घागरीच्या काठावर गेला. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं होतं, ते थांबले. सुनीता दारातून आत आली होती.

"यमुना," नाना म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, "यमुना."

आजीनं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. "ले वं यमुनामाय, पानी पी ले."

नानांच्या बोटांतून पाणी फरशीवर गळत होतं आणि ते तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच नाव घेत होते. सुनीतानं त्यांच्या ओंजळीखाली आपले हात धरले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण अक्कांचं नाव यमुना होतं, हे मला त्या दिवशी कळलं.