डेलमारचा शेवटचा बैल

वर्लिनने पुडक्यावरचं लेबल वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा वाचलं. अक्षरं काही बदलली नाहीत. वर ‘बीफ रोस्ट’, खाली तेवढ्याच ठळक अक्षरांत ‘प्रयोगशाळेत वाढवलेले’. त्याच्या मांसाच्या दुकानाच्या शीतखोलीत अशी एकशे बारा पुडकी होती. सगळी एकाच बैलाची. बैल डेलमारचा, आणि उद्या सकाळी त्याला पुरायचं होतं. म्हणजे डेलमारला.

गुरं पाळणारा डेलमार त्याचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात वर्लिनचा हात धरून म्हणाला होता, “मला पुरल्यावरच्या जेवणाला माझाच बैल वाढ. कानात दोनशे चौदा नंबरचा बिल्ला आहे बघ. आणि काय वाट्टेल ते कर, पण कारीच्या पोटात एक घास जाऊ दे.” कारी ही त्याची एकुलती एक लेक. “मारलेलं जनावर मी खाणार नाही,” म्हणून बावीस वर्षांपूर्वी भरल्या ताटावरून उठली, ती शहरात गेली. तेव्हापासून बापलेक फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलायचे. वर्लिन “हो” म्हणाला होता. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार?

घोळ मात्र वर्लिनचाच. पेशींपासून वाढवलेल्या मांसावर तसं ठळक लिहिलंच पाहिजे, असा कायदा राज्यात व्हायचा होता, आणि त्यासाठी दोघं मित्र भर हिवाळ्यात राजधानीपर्यंत गाडी हाकत गेले होते. अक्षरं केवढी हवीत ते आमदारांना दाखवायला वर्लिनने आपल्याच यंत्रावर नमुना छापून नेला. टाळ्या पडल्या, कायदा झाला. नमुना यंत्रातच राहिला. परवा मित्राच्या बैलाचं मांस पुडक्यांत बांधताना डोळ्यांना धार लागलेली, तशात त्याने त्या नमुन्याचंच बटण एकशे बारा वेळा दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो चाकूने पहिलं लेबल खरवडायला बसला, तेवढ्यात सरकारी तपासनीस जोलीन आत आली.

“वर्लिन, चाकू खाली ठेव.”

“अगं, चूक झालीय! बैल खरा आहे. कापायच्या आधी तूच नाही का तपासलास?”

“तपासला. गुणी होता बिचारा. पण लागलेलं लेबल राजधानीच्या परवानगीशिवाय काढायचं नाही, झाकायचं नाही. कागद यायला दोन आठवडे.”

“असलं गाढव कलम घातलं तरी कुणी?”

जोलीनने हसू दाबलं. “मोठे दुकानदार वरून दुसरं लेबल चिकटवतील म्हणून सभागृहात उभं राहून कोण ओरडत होतं?”

वर्लिनने चाकू खाली ठेवला. “मग उद्या वाढू तरी का नको?”

“वाढ की. पण भांड्यापुढे पाटी हवी. हेच शब्द, हीच अक्षरं.”

“लोकांना तोंडानं सांगेन.”

“लेबलाच्या उलट बोललास तर परवाना जाईल, वर्लिन. तेही तुमचंच कलम.”

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवण मांडलं. स्वयंपाकाची मुखत्यार मार्डेल पाटी वाचून किंचाळली, “डेलमारच्या जेवणात हे? तो शवपेटीत उलटा होईल की!” रांगेतल्यांनी मात्र ब्र काढला नाही. डकोटातली ही नॉर्वेजियन वंशाची माणसं भांडत नाहीत, ताट घेऊन पलीकडच्या टेबलाकडे जातात. हॅमचे पाव संपले, बटाट्याचं कालवण संपलं. एकाने लांबूनच निकाल दिला, “रबर आहे रबर, बघताक्षणी कळतंय.” मित्राचा शेवटचा बैल भरल्या भांड्यात निवत पडला, आणि वर्लिनला रडू आवरेना.

तेवढ्यात कारी भांड्यापाशी आली. तिने पाटी दोनदा वाचली, दोन तुकडे वाढून घेतले आणि वर्लिनच्या समोर येऊन बसली.

“वर्लिनकाका, हे माझ्यासाठी ठेवलंत?”

वर्लिनने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. ती सावकाश खाऊ लागली.

“अगदी घरची चव आहे हो. कशी जमवतात ही माणसं?”

घास तर पोटात गेला होता. डेलमारला दिलेला शब्द पाळून झाला होता. आता गप्प बसायचं, एवढंच. पण खाणाऱ्याला आपण काय खातोय ते कळलंच पाहिजे, असं छातीवर हात ठेवून राजधानीत सांगणारा माणूस हाच ना! शेजारच्याच टेबलावर जोलीन बसली होती.

“कारी, ती पाटी खोटी आहे,” तो म्हणाला. “हा तुझ्या बाबाचा बैल आहे.”

काटा हवेतच राहिला. जोलीन आपल्या बशीतल्या लोणच्याकडे टक लावून बघू लागली.

“बाबांनी सांगितलं होतं तुम्हाला? मला खायला घाला म्हणून?”

“सांगितलं होतं, पण ती पाटी...”

“पाटी लावून फसवायचं! बाबांचंच डोकं हे! मेल्यावरसुद्धा हट्ट सोडला नाही म्हाताऱ्यानं!” ती खदखदून हसायला लागली, आणि हसता हसताच एवढ्या मोठ्याने रडायला लागली, की अख्खं तळघर वळून बघू लागलं. “एवढा खटाटोप केला, काका? माझ्यासाठी?”

वर्लिनने तोंड उघडलं. कसला खटाटोप न् कसलं काय, म्हाताऱ्या बोटाने चुकीचं बटण दाबलं होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. त्याने तोंड मिटलं.

“तुझ्यासाठीच गं,” तो म्हणाला.

कारीने रुमालाने नाक पुसलं आणि बशीतला उरलेला तुकडा संपवला. मग रिकामी बशी घेऊन ती उठली आणि त्या पाटीमागच्या भांड्यातून आणखी एक तुकडा वाढून घेऊन आली.