एक पिढी जादा

प्रत्येक माणसाला पूर्वज असतात, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. मतभेद उरला आहे तो फक्त ते कोण असावेत याबद्दल, आणि त्याचा निर्णय पूर्वजांवर सोडून भागत नाही. ते उपलब्ध नसतात, आणि असते तर भलतंच काहीतरी सांगून बसले असते. म्हणून हे काम वंशजांनीच अंगावर घ्यायचं असतं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. पण त्यात राजाचा उल्लेख नाही. ज्याला मनाई नाही ते चालतं, हे मी तक्रार नोंदणी कक्षात एकोणतीस वर्षं काढून शिकलो आहे.

आमच्या शहरात गेल्या तीन वर्षांत अकराशे चाळीस कुटुंबांनी आपापली वंशावळ काढून घेतली. त्यांतली सहाशे बारा राजांची निघाली, चारशे एक राण्यांच्या भावांची, एकशे सव्वीस सेनापतींची, आणि एक राजाच्या आचाऱ्याचं. (हे कुटुंब पुढे शहर सोडून गेलं.) त्या काळी राज्यात शेतकरी, कुंभार, न्हावी, नावाडी असेही लोक राहत असत, असं इतिहासात म्हटलं आहे. त्यांना मुलंबाळं झाली नसावीत.

मला स्वतःला राजाची हौस नव्हती. पण आमच्या कक्षातला कनिष्ठ लिपिक, ज्याला चार वर्षांत जावक नोंदवहीची रेघ सरळ ओढता आली नाही, तो एका सोमवारी सेनापतीचा सव्विसावा वंशज होऊन कामावर आला. त्या दिवसापासून शिपाई पहिला चहा त्याच्या टेबलावर ठेवू लागला. मी त्या लिपिकाचा वरिष्ठ. तेव्हा सेनापतीच्या वरचं कुणीतरी मिळवणं हे कार्यालयीन शिस्तीच्या दृष्टीनेच आवश्यक झालं.

ज्या वंशतज्ज्ञांकडे मी गेलो ते पूर्वी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासत. त्यामुळे लांबचं पाहण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. त्यांनी अकरा दिवसांत आमचा राजा शोधून काढला. हा राजा आठशे वर्षांपूर्वी गादीवर बसला आणि त्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोचत, असं शिलालेखात आहे. आमच्या कार्यालयात सर्वांत वरच्या फळीवरची फाइल स्टुलाशिवाय काढणारा मी एकटा आहे. हे कळल्यावर वंशतज्ज्ञांनी आणखी पुरावा मागितला नाही. राजाच्याही मागे जाऊन त्यांनी मूळपुरुष हुडकला. तो कासवावर बसून तळ्यातून वर आला, दोनशे दहा वर्षं जगला आणि सैन्याची जेवणं उरकेपर्यंत त्याने सूर्याला तीन दिवस थोपवून धरलं. आमच्या घरीही जेवणं लांबतात, याची वंशतज्ज्ञांनी वहीत नोंद घेतली.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगणं भाग आहे. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. वय अठ्ठ्याहत्तर. किराणावाले, भाजीवाले, रद्दीवाले आपापले बिघडलेले तराजू घेऊन येतात आणि बाबा ते बाहेरच्या खोलीत जमिनीवर फडकं अंथरून खोलतात. त्यांच्या हातून गेलेला काटा कुणाच्याही बाजूने झुकत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकं पुन्हा येत नाहीत, ही गोष्ट वेगळी. याच काट्यांवर माझं आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं, हे मी नाकारत नाही.

वंशतज्ज्ञ वंशवृक्षाच्या फांद्या मोजायला पहिल्यांदा घरी आले, तेव्हा बाबा असेच काळ्या हातांनी बसले होते. “मिस्त्री, जरा सरकता का?” असं वंशतज्ज्ञ म्हणाले. बाबा सरकले. एवढंच नव्हे, तर भिंतीवर वंशावळीची पाटी कुठे बसेल ते मोजताना टेपचं दुसरं टोकही त्यांनी धरलं. ते मिस्त्री नसून माझे वडील आहेत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या क्षणी वंशतज्ज्ञ एकोणिसाव्या पुरुषाच्या लढाईत होते आणि लढाई ऐन रंगात आली होती. मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं. नंतर राहून गेलं.

महिन्याभराने पाटी आली. चार फूट उंच, पितळी, वर कासव, त्याखाली राजा आणि राजाखाली एकाखाली एक बत्तीस पुरुष, असं काम. शेवटून दुसरे आजोबा होते आणि सर्वांत शेवटी मी. झाडावर बायका नव्हत्या. (झाडांवर त्या नसतातच. आठशे वर्षं पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला, आणि तोही प्रत्येकी एकालाच.) आईने चष्मा लावून पाटी वरून खालपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, “यात हे कुठं आहेत?”

खरं म्हणजे चूक साधी होती आणि पत्रा पुन्हा कोरता आला असता. पण इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. राजवंशीयांचा एक संघ आहे आणि त्याचं सभासदत्व मिळाल्याशिवाय राजाचा वंशज असून नसून सारखाच. संघाच्या नियम सातनुसार एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षं, कमी नाही जास्त नाही. आठशे भागिले पंचवीस, बत्तीस. बाबांना धरलं की तेहेतीस होत होते. संघाने अशा एकेका जादा पुरुषापायी चांगली चांगली घराणी परत पाठवली आहेत.

तेव्हा रविवारी घरात बैठक बोलावली. उपस्थिती: मी, माझी बायको, आई, बहीण, वंशतज्ज्ञ आणि (दुरुस्तीच्या कामात असल्याने अंशतः) बाबा. विषय एकच: कुणाला वगळावं.

आईने सतराव्या पुरुषाचं नाव सुचवलं. त्याची कुणाशीच ओळख नाही, तो गेला काय राहिला काय, असं तिचं म्हणणं पडलं. वंशतज्ज्ञांच्या डोळ्यांत पाणी आलं. सतरावा त्यांनी फार मेहनतीने उभा केला होता. त्याचे दोन्ही पाय युद्धात गेले होते आणि आता त्याला झाडावरूनही काढणं माणुसकीला धरून नव्हतं. शिवाय तो काढला तर अठरावा पोरका होईल, असं ते म्हणाले. “आणि हा?” आईने माझ्याकडे बोट केलं. मी बावन्न वर्षांचा असल्यामुळे पोरकं होण्याचं वय उलटून गेलं होतं, हे मी शांतपणे तिच्या निदर्शनास आणून दिलं.

मग कागदपत्रांची छाननी झाली. वरच्या सगळ्या पुरुषांचे दाखले वंशतज्ज्ञांनी स्वतः तयार केलेले असल्याने बिनचूक होते. बाबांचा जन्मदाखला मात्र खरा होता, त्यामुळे त्यात तीन चुका सापडल्या. महिना शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हता, आजोबांच्या नावातला एक काना गायब होता आणि शिक्का उलटा. पुराव्याच्या कसोटीवर आमच्या घराण्यात सर्वांत संशयास्पद माणूस कोण, हे उघडच झालं. त्यात मला सोडून बाबा एकटेच हयात होते. मेलेल्या माणसाची संमती घेता येत नाही, हयात माणसाची घेता येते. कायद्याने बघा की व्यवहाराने, उत्तर एकच येत होतं.

राहता राहिला एक किरकोळ प्रश्न. बाबांना काढल्यावर मी आजोबांचा मुलगा ठरत होतो, आणि आजोबा तर माझ्या जन्माआधी चार वर्षं वारले. वंशतज्ज्ञ म्हणाले, राजघराण्यांत असं होतं.

बहीण शाळेत गणित शिकवते आणि तिला कुठल्याही मोठ्या गोष्टीतलं मोठेपण चटकन दिसत नाही. ती म्हणाली, “दादा, तू बाबांना त्यांच्याच घरात उणे करतोयस.” मी तिचा विरोध कार्यवृत्तात नोंदवून घेतला. बायको तटस्थ राहिली, म्हणजे भांडी घासायला निघून गेली.

वंशतज्ज्ञांनी वगळणूक संमतीपत्र तीन प्रतींत आणलंच होतं. 'मी, खाली सही करणार, लिहून देतो की माझं अस्तित्व सदर वंशावळीच्या आड येणार नाही.' बाबांनी हात फडक्याला पुसले, कागद वाचला आणि समोरच्या तराजूकडे पाहिलं. ते चिडले नव्हते. कामाची गोष्ट सांगावी तसं ते म्हणाले, “वजन जास्त भरलं ना, की दुकानदार तळातलं काढत नाही. वरचं उचलतो. ते हाताला येतं.”

मग त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली. अंगठ्याचं तेल तिसऱ्या प्रतीला लागलं, म्हणून ती आम्ही घरी ठेवली.

सभासदत्व मंजूर झालं. कार्यालयात पहिला चहा माझ्याकडे येऊ लागला आणि कनिष्ठ लिपिक मला पाहिल्यावर अर्धा उठून उभा राहू लागला. (पूर्ण उठणं सेनापतींना लागू नाही.) घरात फारसा फरक पडला नाही. बाबा पूर्वीसारखेच सकाळी दूध आणत, संध्याकाळी माझ्या सायकलची चेन घट्ट करत. फक्त पाटीसमोरून जाताना ते थोडे अंग चोरून जाऊ लागले. जागा भरपूर होती. मला ते पाहवत नसे, म्हणून मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असे.

संघाचं वार्षिक संमेलन आलं. आई म्हणाली, हे येणार असतील तर मी येते. बाबांनी त्यांचा एकुलता एक कोट स्वतः इस्त्री केला आणि बुटांना दोनदा पॉलिश केलं. “बघू तरी, आपला राजा कसा होता,” असं ते आईला म्हणत होते. 'आपला' हा शब्द संमतीपत्राशी विसंगत होता, पण मी हरकत घेतली नाही.

सभागृहाच्या दाराशी टेबल होतं. प्रत्येक सभासदाने सोबत आणलेल्या माणसांचा तक्ता भरायचा. चौथा रकाना होता मूळ सभासदाशी असलेल्या नात्याचा, आणि त्यात पाच पर्याय होते: पत्नी, माता, बंधू, अपत्य, इतर. (पिता हा पर्याय नसण्याचं कारण उघड आहे. पिता असेल तर मूळ सभासद तोच असणार.) मी 'बंधू'वर पेन टेकवलं. कागदोपत्री तेच बरोबर होतं. मी आजोबांचा मुलगा, ते आजोबांचे मुलगे. पण लगेच लक्षात आलं की वयाने ते थोरले बंधू ठरतात, आणि थोरले ठरले की गादी त्यांची, आतली, मूळ सभासदाची पाठ असलेली खुर्चीही त्यांचीच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल? टेबलावरचा माणूस घाई करत होता. मागे दोन राजे आणि एक राणीचा भाऊ खोळंबले होते.

मी बाबांच्या नावापुढे 'इतर' असं लिहिलं.

बाबा माझ्या खांद्यामागेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि तक्ता वाचला. मग ते म्हणाले, “अक्षर चांगलं आहे तुझं. पहिल्यापासूनच.”

इतरांसाठी बाहेर व्हरांड्यात बाक होते. तिथे वाहनचालक, छायाचित्रकाराचा मदतनीस आणि एका राजाच्या सासूबाई बसल्या होत्या. बाबा त्यांच्यात जाऊन बसले. आईला आत दुसऱ्या रांगेत खुर्ची होती. तिने ती पाहिली आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसली. मी आत चार तास होतो. भाषणं सहा झाली, राजाच्या हातांचा उल्लेख नऊ वेळा आला. मला लाज वाटली, हे मी इथे स्पष्ट नमूद करतो. लाज मला वाटली आणि मी उठलो नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या.

घरी परतल्यावर बहिणीने मला एका कागदावर हिशेब मांडून दाखवला. माणसाचे आईबाप दोन, आजी-आजोबा चार, आणि असंच दुप्पट करत बत्तीस पिढ्या मागे गेलं की चारशे एकोणतीस कोटी पूर्वज होतात. त्या काळी पृथ्वीवर याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही माणसं नव्हती. म्हणजे तीच ती माणसं सगळ्यांच्या वाट्याला आली असणार. राजा सगळ्यांचा आणि आचारीही सगळ्यांचाच. तिने हे मला टोचायला सांगितलं. ते टोचलंही. पण त्यात एक आनंदाची बातमी आहे आणि ती दडवून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

याचा अर्थ, वाचकहो, तुम्हीही आमच्यातलेच आहात. इथवर वाचताना तुम्ही मनातल्या मनात मला जी नावं ठेवलीत ती मी मनावर घेतलेली नाहीत. रक्ताच्या नात्यात एवढं चालायचंच. संघाचा अर्ज एकपानी आहे. राजा, सनावळी आणि पिढ्या हे तीन रकाने वंशतज्ज्ञ भरून देतात. चौथा, नात्याचा, मात्र तुम्हाला स्वतःला भरावा लागेल, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या घरात जे कुणी पलीकडच्या खोलीत एकटं बसलं असेल, त्याच्या नावापुढे एक शब्द लिहायचा आहे. हात अडखळणार नाही. तुम्ही त्याला रोज तसंच वागवता. फक्त ते कागदावर घेतलं नव्हतं, एवढंच.