आमच्या कपाटातला खासगी क्लाउड

प्रश्न एवढाच होता, की फोटो ठेवायचे कुठे? बायकोच्या मोबाइलमधली जागा संपली होती. साडू म्हणाला, "एक पेन ड्राइव्ह घेऊन टाका ना, साडूभाऊ." पेन ड्राइव्ह! मला! दिवसभर ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आपण घरातच क्लाउड उभारायचा. स्वतःचा, खासगी! (सर्व्हर सांभाळतो म्हणजे तो बिघडला की वरिष्ठांना फोन करतो. पण हे साडूला सांगायची काही गरज नव्हती.)

जुना कॉम्प्युटर बेडरूमच्या कपाटात बसवला आणि त्याच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. दिसत नाही, पण सतत कामात असतो. ("तुमच्या अगदी उलट," बायको म्हणाली.) नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. तो पत्ता वायफायचा राउटर आपणहून देतो, पण मी कशाला त्याच्या मिनतवाऱ्या करू? मी स्वतःच पत्ता ठरवला आणि शेवटचा आकडा टाकला आमच्या लग्नाच्या तारखेचा. बायको चक्क लाजली. त्या भरात तिने सासू-सासऱ्यांच्या पन्नास वर्षांच्या संसाराचे फोटो क्लाउडवर चढवले आणि माझ्या शब्दावर मोबाइलमधून पुसून टाकले.

आणि ज्या संध्याकाळी त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आमच्या घरी व्हायचा, पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर फोटो दाखवायचे, नेमका त्याच दुपारी क्लाउड उघडेना.

"अहो, फोटो गेले?" बायकोचा चेहरा उतरला. "आईचा लग्नातला एकच फोटो उरलाय, तोही त्यातच आहे."

चेहरा तज्ज्ञाचा ठेवून मी लॅपटॉपवरून पिंग केलं. पिंग म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारणं. यंत्र जिवंत असलं तर ओ देतं. आणि ओ आली! खणखणीत!

"जिवंत आहे! नेटवर्क ठणठणीत आहे!" मी खुर्चीवरून उडालोच. "म्हणजे दोष सॉफ्टवेअरमध्ये. आत्ता काढतो!"

कपाटात अर्धा शिरून मी कामाला लागलो. फोटोंचं सॉफ्टवेअर नवीन करायला गेलो, तर ते म्हणालं, आधी डेटाबेस नवा आणा. डेटाबेस म्हणाला, अमुक लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक सुटा भाग, असेल तरच येईन. ती लायब्ररी आली, तर आधीपासून बसलेली दुसरी लायब्ररी रुसली. लग्नाच्या आमंत्रणांचीच गत! मामांना बोलवावं तर मामी हव्यात, आणि मामी आल्या की आत्याबाई तोंड फिरवणार. तरी मी एकेकीची समजूत घालत सगळ्यांना आत कोंबलं. क्लाउड ढिम्म.

तेवढ्यात साडू आला. लवकर, अर्थातच.

"कपाटात काय शोधताय?"

"फोटो."

"कपाटात? मग अल्बमच ठेवायचा होतात की!"

मी उत्तर देणार, इतक्यात लॅपटॉपवर सासरे उगवले! डोईवर भरगच्च केस असलेले, तरुण सासरे!

"आले! आले!" मी कपाटाला डोकं आपटत बाहेर आलो. "काय केलंस तू?"

"कुठे काय? धुणं झालं, वॉशिंग मशीन बंद केलं," बायको बाथरूमच्या दारातून म्हणाली.

"चालू कर!"

"अहो, कपडे धुऊन झालेत."

"तरी कर!"

तिने चालू केलं. सासरे गेले. बंद केलं. सासरे हजर!

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचं नवं वॉशिंग मशीन वायफायवर चालतं. धुणं झालं की मोबाइलवर निरोप धाडतं. मी पत्ता परस्पर ठरवलाय हे राउटरला ठाऊकच नव्हतं, त्याने मशीनला नेमका आमच्या लग्नाच्या तारखेचाच पत्ता देऊन टाकला होता. दुपारभर मला खणखणीत ओ देत होतं ते वॉशिंग मशीन!

"चला," बायको म्हणाली, "आपल्या लग्नाची तारीख लक्षात ठेवणारं घरात कुणीतरी आहे."

पत्ता बदलायचा तर क्लाउड बंद करून पुन्हा सुरू करायला हवा. पण मी कोंबलेली मामा-मामी मंडळी पुन्हा उठतील, याची मला खात्री नव्हती. त्यापेक्षा आज वॉशिंग मशीनच बंद ठेवायचं ठरलं. चालत्या यंत्राला हात लावू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. (दुसरा, वरिष्ठांना फोन.)

संध्याकाळी कार्यक्रम असा रंगला म्हणता! फोटोमागून फोटो, हशा, टाळ्या. सासरे इतके खुलले की हातातला चहा त्यांच्याच शर्टावर सांडला. मी तत्परतेने माझा नवा शर्ट त्यांना दिला. पाचच मिनिटांत पडदा सासऱ्यांच्या जांभईच्या फोटोवरच अडकून बसला. सासूबाईंनी डाग राहू नये म्हणून तो चहाचा शर्ट मशीनला लावला होता!

मी धावत जाऊन स्विच बंद केला. मागोमाग बायको आली. "तुम्ही इथून हलू नका. आई पुन्हा लावेल."

मी स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. बाहेरून सासूबाईंचा ओला आवाज आला, "अगं बाई, हाच तो फोटो!" खरं सांगतो, मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

त्या संध्याकाळचा एक ग्रुप फोटो आहे. त्यात सगळे आहेत, मधोमध माझा नवा शर्टसुद्धा आहे. फक्त मी नाही. तो फोटो बायकोने क्लाउडवर ठेवू दिला नाही. बघावासा वाटला की साडूकडून पेन ड्राइव्ह मागून आणतो.