नापासमामा

खरातमामा लग्नात जेवायला बसले की आधी पापड मोजायचे. मायक्रोमीटर मखमली पिशवीत घालून कायम खिशात. पापडाचा तुकडा त्याच्या जबड्यात धरायचा, हलकेच फिरकी फिरवायची आणि वाढप्याला सांगायचं, "कडेला लई जाड हाय. नापास!" मग तोच पापड निमूटपणे खायचे.

चिकलठाण्याकडच्या आमच्या कारखान्यात घड्याळांचे भाग बनत. मामा आणि मी तपासणीच्या खोलीत. घड्याळाच्या आसाचं टोक केसाएवढं. ते मायक्रॉनभर जाड निघालं तरी मामा आस बाजूला टाकत. उन्हातून आलेल्या मॅनेजरलाही दारात थांबवत. "जरा निवा साहेब. तापल्या हातानं पोलाद फुगतं." सगळे त्यांना नापासमामाच म्हणत.

मग दुष्काळ पडला. शहर वाळूजकडे वाढतच होतं, पण नळाला पाणी नव्हतं. कारखान्याला टँकर परवडेनात. एक पाळी बंद करायचं ठरलं. ज्यांचे नापास जास्त, ते घरी जाणार. सगळ्यात जास्त नापास रफिकभाईंचे. लेथवरचे जुने कारागीर, मामांचे डब्याचे सोबती. डोळ्यांत काचबिंदू झालेला.

पण रफिकभाईंचे नापास एकाएकी घटले. मामा डोळेझाक करतायत, असं मला वाटलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत खोलीत डोकावलो. मामा डोळ्याला भिंग लावून वाकले होते. रफिकभाईंचे जाड राहिलेले आस घासायचे, मोजायचे, पुन्हा घासायचे. डबा तसाच पडलेला.

"मामा, हे काय?"

"माप खरं हाय, जोशी. मोजून घ्या." मग आवाज उतरला. "रफिकभाईला नका सांगू. त्याला वाटतंय, औषधानं नजर सुधरली."

मी कुणालाच सांगितलं नाही. रफिकभाईंची नोकरी वाचली, पण पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यालाच कुलूप लागलं. काचबिंदूनं उरलेली नजरही नेली.

परवा शुक्रवारी दुपारी गुलमंडीजवळच्या मशिदीबाहेर मामा दिसले. पायरीशी उन्हात बसलेले, शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी चपला.

"इथं कसे, मामा?"

"रफिकभाईला आणलंय. नमाज झाली की घरी सोडायचं. त्याचं पोरगं पुण्याला, बायको गेली."

"दर शुक्रवारी येता?"

"मग काय करू? माझ्या तरी घरी कोण हाय?"

तेवढ्यात रफिकभाई भिंत चाचपत बाहेर आले. "खरात, है क्या रे?"

"हौ, इधरिच हूँ," मामा म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी रफिकभाईंच्या पायांत चपला सरकवल्या.