उभ्या गव्हातील पावलांची हकीकत

श्री. ज्या साली तातेराव आबांची थोरली नात पुनम हिचे लग्न हट्टा गावी लागले आणि तिसऱ्या पंगतीस वरण सरून घराण्याची लाज गेली, ते शके एकोणीसशे शेचाळीस. त्या साली मार्गशीर्षमासी डोंगरकडा मुक्कामी जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान ऐसे जे :

पुनमची धाकटी बहीण वैष्णवी पुण्याहून सुटीस आली, आणि येते समयी व्हिडिओ गेमचा डबा घेऊन आली, आणि तो बैठकीतील टीव्हीस जोडून तिने परमुलूख उघडला. मुलूख अफाट, धुक्याचा. मन जाईल त्या दिशेस जावे, कोणी मना करीत नाही. तेथे गिरणीचा मालक खून होऊन पडला होता, आणि लांब कोटाच्या गुप्तहेराने खुनी हुडकावा, ऐसी कामगिरी होती. आरोप एकदाच ठेवता येई. तो चुकला तर निरपराधी फासावर जाई, आणि माघार नव्हती.

आबांचे शेजारी लतीफमियां, शेतासही धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. धुऱ्याचा दगड सरकला आणि दोन सऱ्यांवरून अकरा वर्षे अबोला जाहला, मग तह जाहला. मियांचे काळीज थकले होते, आणि सोमवारी शस्त्रक्रियेस नांदेडास कूच ठरले होते. आबांस ते तात्या म्हणत, आणि रोज दुपारी खुर्चीत येऊन मोहीम पाहत. खेळातील गिरणीलगतचा गहू पेरणारे एक गरीब कूळ कैदेत होते, कारण खुनाची कुऱ्हाड त्याचे दारी सापडली होती. त्याजवर मियांचा जीव जडला. त्यांनी फर्मान काढिले की, सोमवारच्या आत खुनी कळलाच पाहिजे, अर्धवट गोष्ट पोटात घेऊन आपण टेबलावर निजणार नाही.

मग मोहीम चालली. बटणे वैष्णवीच्या हाती आणि हुकूम आबांचा. आबांनी दोन कायदे केले : कोणाच्या घरात आवाज दिल्याविना शिरू नये, आणि उभ्या पिकातून जाऊ नये, धुऱ्यानेच जावे. त्याजमुळे गुप्तहेर खेळातील गावच्या डॉक्टराच्या दारी अवघी एक दुपार उभा राहिला, कारण त्या मुलखात "आत या" म्हणण्याची रीत नव्हती. आणि घटकेची वाट असता धुऱ्याधुऱ्याने वळसे घेत चार दिवस खर्च जाहले. वैष्णवी जेरीस येऊन म्हणाली, "आबा, गहू खोटा हाय. तुडवला तरी काही होत न्हाई."

"गहू खोटा आसंल," आबा म्हणाले, "पाय तर आपलाच हाय."

रविवार उजाडला, दुपार जाहली, आणि वैष्णवीने कुळावर आरोप ठेवावयाची तजवीज मांडिली. आबांनी अखेरचा एक फेरा मागितला. तो धुऱ्यावरून जाता जाता गव्हात एक आडवी रेघ दिसली : गिरणीपासून थेट डॉक्टराच्या परसापर्यंत पीक मोडलेले. गव्हातून पळत गेले असते तर ती पायाखालीच गेली असती. मियांनी खुर्चीतून मान पुढे काढिली.

"तात्या, धुरा धा पावलावर हाय. ज्यानं गहू पेरला, तो त्यातून चालंल काय?"

आबांनी बहुत विचार केला, आणि चालणार नाही, ऐसा निवाडा दिला. मग वैष्णवीने आरोप डॉक्टरावर ठेविला. झडती जाहली, डॉक्टराच्या बुटात गव्हाच्या ओंब्या निघाल्या, त्याने गुन्हा कबूल केला, आणि कूळ सुटून घरी गेले. मियांनी वैष्णवीस फौजदारीण हा किताब दिला आणि चहा मागविला.

चहा निम्मा जाहला. मग मियां म्हणाले, "तात्या, धुऱ्याचा दगड म्याच सरकवला व्हता."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "त्याच्या आदल्या साली म्या सरकवला व्हता."

मियां हसले, आणि हसता हसता छातीस हात लावून बसले, आणि म्हणाले की मग दगड आता जागेवर असेल. आबांनी हिशेब मनात करून तसेच असल्याचे सांगितले.

येणेप्रमाणे मोहीम सहा दिवसांत फत्ते जाहली. खोट्या गव्हाची एक काडीही आपल्या पायाने मोडली नाही, हे मुद्दाम नमूद केले असे.

लतीफमियां, वय अडुसष्ट, मार्गशीर्ष वद्य तृतीया, बुधवारी सकाळी, नांदेडच्या दवाखान्यात वारले.