चौकटीतली गुणपत्रिका

देशाची प्रगती विज्ञानावर अवलंबून असते आणि विज्ञानाची प्रोत्साहनावर. प्रोत्साहन मात्र कशावरच अवलंबून नसतं. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही.

आळे आणि बेल्ह्याच्या मधल्या एका वाडीत हे सत्य सहा वर्षांपूर्वी ओळखलं गेलं आणि विज्ञान-अभियांत्रिकी प्रोत्साहन समिती स्थापन झाली. सभासद एकवीस. त्यातले एक जण अकरावी सायन्सला दिवाळीपर्यंत होते, म्हणून ते तांत्रिक सल्लागार. सहा वर्षांत समितीने चौदा व्याख्यानं, नऊ प्रभातफेऱ्या, एकशे शहाऐंशी सत्कार आणि दुर्बिणीची तीन उद्घाटनं केली. (दुर्बीण एकच आहे. ती खोक्यातून काढलेली नाही. काढली तर चौथं उद्घाटन कशाचं करायचं?) या काळात वाडीतून इंजिनियर झालेल्यांची संख्या शून्य. पण समिती प्रोत्साहनाची आहे, परिणामाची नव्हे, आणि आपल्या कामाची हद्द ओळखणारी माणसं आजकाल दुर्मीळच.

अशात साळुबाईच्या तेजस्विनीला दहावीला विज्ञानात सत्त्याण्णव पडले.

साळुबाईला आनंद झाला, पण बेतानं. पोरगी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर खोलून परत बसवायची आणि बसवल्यावर तो चालायचा, हे तिनं दोन वर्षं पाहिलं होतं. मार्क हे त्याचंच उशिरा आलेलं पत्र होतं. तेजस्विनीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. कळंबच्या अलीकडच्या तंत्रनिकेतनात तिचं नाव यादीत लागलं. मूळ गुणपत्रिका घेऊन सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. आणि वर्षभर घरी बसलेल्या पोरीला बघायला पावणं यायला लागतात, हे साळुबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः तशीच बघितली गेली होती.

अडचण एवढीच होती की मूळ गुणपत्रिका समितीच्या हॉलमधल्या भिंतीवर होती.

सत्काराच्या दिवशी अध्यक्ष हौशीरामभाऊंनी ती "फोटोपुरती" म्हणून घेतली आणि सभेच्या भरात जाहीर केलं, की ही गुणपत्रिका येणाऱ्या पिढ्यांना दिसत राहील. आळेफाट्याच्या हार्डवेअरवाल्या पारसशेठनी जागेवरच चौकट देणगी दिली. पाच एमएमची काच, सागवानी पट्टी, भिंतीत आठ स्क्रू आणि काचेच्या चारी कोपऱ्यांत एमसील. झेरॉक्स लावली तर प्रेरणाही झेरॉक्सच मिळेल, असं तांत्रिक सल्लागारांचं मत पडलं. काचेत गुणपत्रिकेशेजारी तेजस्विनीचा मोठा फोटो, वर झेंडूचा हार, खाली चोवीस तास जळणारा, सेलवरचा लाल दिवा.

सोमवारी सकाळी साळुबाई हौशीरामभाऊंकडे गेली.

"भाऊ, कागूद पायजे. पाचच्या आत दाखवायचाय."

"अगं साळुबाई, कागूद काढला तर प्रोत्साहन मागं घेतल्यासारखं व्हतंय. त्याला ठराव लागतो."

"मग करा की ठराव."

"बैठक चतुर्थीला."

"तवर जागा जाईल पोरीची."

"जागा?" भाऊ दुखावले. "आमी तिला भिंतीवर जागा दिली. हॉलमधी लायटीच्या बरोबर समोर! एवढी जागा माझ्या बापालाबी न्हाई."

तरी समिती निर्दय नव्हती. फोनवरून सल्लामसलत होऊन दुपारी एकला लेखी परवानगी मिळाली: 'चौकटीसह नेण्यास हरकत नाही. काच काढू नये. काच देणगीदाराची आहे.' तेजस्विनीनं आठ स्क्रू सहा मिनिटांत काढले. तिचं हे कसब पाहून सभासदांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शालीचीही चौकशी केली.

बाजाराचा दिवस असल्यानं बेल्ह्याहून कळंबकडे जाणारा गोकुळ ड्रायव्हरचा टेम्पो येत होता. हौद्यात एक कालवड होती. तिच्या शेजारी चौकट उभी करून साळुबाई आणि तेजस्विनी बसल्या. आता हायवेला हार घातलेला, लाल दिव्याचा पोरीचा फोटो टेम्पोतून चाललेला दिसला, तर माणूस काय समजणार? आळेफाट्यावर दोघांनी टोप्या काढल्या. पुढे एका टपरीसमोर टेम्पो थांबला, तेव्हा एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

"कशानं गेली गं?" तिनं विचारलं.

"डिप्लोमाला," साळुबाई म्हणाली.

म्हातारीला हा रोग नवा होता. ती म्हणाली, "लई लहान हाय गं." मग तिची नजर फोटोवरून त्याच्याशेजारी मांडी घालून बसलेल्या पोरीवर गेली आणि तिनं टेम्पो दिसेनासा होईपर्यंत हात जोडून ठेवले. नारायणगाव येईपर्यंत कालवडीनं हार खाल्ला. तेवढंच ओझं कमी झालं.

चार वाजून वीस मिनिटांनी चौकट तंत्रनिकेतनाच्या काउंटरवर ठेवली गेली. साहेब सज्जन होते. त्यांनी काचेतून गुणपत्रिका वाचली, फोटो पाहिला, समोरची पोरगी पाहिली.

"मुलगी तर हुशार आहे. पण कागद हाताला लागला पाहिजे. मागचा शिक्का बघावा लागतो."

"मग काच काढायला काहीतरी द्या, सर," तेजस्विनी म्हणाली. "तुमची वर्कशॉप समोरच दिसतीय."

"वर्कशॉप फक्त प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे."

"आणि प्रवेश?"

"मूळ कागद दाखवलेल्यांसाठी."

यात चूक काढायला कुठेच जागा नव्हती. तेजस्विनीनं नखानं एमसील खरवडलं. पारसशेठचा माल, पापुद्रा निघेना. घड्याळात पावणेपाच झाले. मागच्या रांगेतला एक बाप आपल्या पोराला हळूच म्हणाला, "थांब जरा, ही जागा सुटंल बहुतेक." त्यानं काही वाईट मनानं म्हटलं नाही. साळुबाईनं ते ऐकलं.

साहेबांना द्यायला म्हणून पिशवीत आणलेला नारळ तिनं काढला. पोरीला म्हणाली, "तेजे, मागं हो. डोळं मीट." आणि दोन्ही हातांनी नारळ चौकटीच्या कोपऱ्यावर असा हाणला, की काच फुटली आणि नारळ तसाच राहिला. नारळ उचललेला पाहून रांगेतल्या सगळ्यांनी सवयीनं हात जोडले होते. साहेबांनीसुद्धा. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी मागचा शिक्का पाहिला गेला आणि तेजस्विनीचा प्रवेश झाला. साळुबाईच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. पोरीनं ओढणीनं तो बांधला आणि बराच वेळ धरून ठेवला.

समितीच्या अहवालात या प्रकाराची नोंद गंभीरपणे घेण्यात आली. 'प्रत्यक्ष प्रवेश: एक' हा आकडा कोणत्या रकान्यात टाकायचा, यावर दोन बैठका झाल्या, कारण तसा रकानाच नव्हता. पुढच्या चौकटीला आठ एमएमची काच घ्यावी, असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

चौकट सध्या रिकामी आहे आणि समिती नव्या गुणपत्रिकेच्या शोधात घरोघरी फिरते आहे. हसू नका. एखाद्या रविवारी हौशीरामभाऊ तुमच्याही ओट्यावर बसून चहा घेतील आणि तुम्ही स्वतः उठून, कपाटाच्या आतल्या कप्प्यातून पोरीचा मूळ कागद काढून त्यांच्या हातात द्याल. विचाराल एवढंच, की फ्लेक्सवर बापाचं नाव केवढ्या अक्षरात येणार आहे.