जुलैचे पान, ऊर्फ कपर्टीच्या बर्फाची मोहीम

सिडनी शहराचे पश्चिमेस स्कोफिल्ड्स नामे नवी पेठ वसली आहे, तेथील घरे एकमेकांस इतकी लगटून की एका घरी फोडणी पडली असता दुसरे घरी ठसका लागतो. त्या पेठेतील शूरांनी भर हिवाळ्यात जी मोहीम केली तिचे वर्तमान, कोणाची भीड न धरता आणि कोणाकडे किती चहा प्यालो हे न विसरता, येथे लिहिले जाते. वाचणारांनी चित्त देऊन वाचावे. हसू आलियास हसावे, परंतु पद्माकररावांदेखत हसू नये.

त्या मुलखी बौद्ध स्नेहमंडळ नामे मंडळ असे, आणि मंडळ दर साल धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपले कॅलेंडर प्रसिद्ध करी, आणि त्या कॅलेंडराचे सर्व दप्तर राजमान्य राजश्री पद्माकररावांचे हाती. बाकी महिन्यांस चित्रांचा तोटा नव्हता. परंतु जुलै या देशी ऐन थंडीचा, सबब त्या पानावर बर्फ पाहिजे, आणि बर्फ तर कोणापाशी नाही, मग पद्माकरराव दर साल इंटरनेटावरून स्वित्झर्लंडचा एखादा डोंगर उचलून आणीत आणि त्याखाली 'आपला ऑस्ट्रेलिया' ऐसे बेधडक छापीत.

यंदा बुद्धपौर्णिमेस सर्व मंडळ खिरीस बसले असता शिवरामराव, जे पेशाने पाण्याच्या पाइपांचे नकाशे करीत आणि शौकाने छायाचित्रे काढीत, भर पंगतीत बोलून गेले की, "यंदा जुलैचं पान मी देतो. इथलाच बर्फ, इथलीच दरी." बोलणे तोंडातून सुटले ते परत येईना. पद्माकररावांनी वाटी खाली ठेवून फर्मान काढिले की, "दे की! पण फोटोत माणूस नको. कोपर नको, सावली नको, पायाचा ठसासुद्धा नको. तुझ्या फोटोत नेहमी कोणीतरी घुसतं रे. मागे सूर्योदय दिलास, त्यात निम्मा सूर्य आणि निम्मा आमच्या मिहिरचा कान! यंदा जमलं नाही तर पुढच्या कार्यक्रमाला कॅमेरा आणू नकोस, खुर्च्या लावायला ये." पंगत हसली. शिवरामरावांच्या पत्नी करुणाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

वस्तुस्थिती ऐसी की शिवरामराव मोठे गुणी, नजर तेज, हात स्थिर. परंतु 'बाजूला व्हा' एवढे दोन शब्द त्यांचे जिभेस जन्मात साधले नव्हते. कोणीही मध्ये येवो, ते "असू दे, नो वरीज" म्हणत आणि बटण दाबीत. ऐसे त्यांचे संग्रही देशोदेशीचे कान, टाळू आणि पाठपिशव्या फार जमा जाहल्या होत्या.

मग जुलैचे दुसरे आठवड्यात फोनातील हवामानाच्या जासुदाने खबर आणिली की दक्षिणेकडून गार वाऱ्याची फौज चालून येते, शनिवारी पहाटे लिथगो गावापलीकडे बर्फ पडेल. त्या बाजूस कपर्टी नामे दरी आहे. लाल-पिवळे उभे कडे, तळी रखरखीत माळ, पाऊस जेथे रुसूनच असतो. तेथे बर्फ क्वचित पडे, आणि पडला तरी दुपार पाहत नसे. शिवरामरावांनी मसलत केली की गुपचूप एकट्याने कूच करावे. परंतु करुणाबाईंनी ही गोष्ट आपल्या मातुःश्री गंगुबाईसाहेब, ज्या नागपुराहून लेकीकडे मुक्कामी आल्या होत्या, त्यांस सांगितली, आणि मातुःश्रींनी ती मीनाक्षीबाईंस फोनवर सांगितली, आणि मीनाक्षीबाई तर पद्माकररावांच्या पत्नी, मग एकट्याची स्वारी दोन गाड्यांची जाहली. पद्माकरराव म्हणाले, "मी नुसता साक्षीला येतो." रसदेस तर्री-पोह्यांचे डबे आणि चहाचे थर्मास, आणि पद्माकररावांचे मस्तकी मीनाक्षीबाईंनी स्वहस्ते विणलेली लालभडक कानटोपी, वर गोंडा. रावसाहेब नाखूश होते, म्हणाले, "अगं, बाळंतविड्यातली वाटते ही." हुकूम आला की, "डोक्यावरून काढलीत तर बघा."

लिथगोस सर्व्होवर, म्हणजे तिकडील पेट्रोलपंपावर, मुक्काम पडला. तेथे मीनाक्षीबाईंनी ताकीद दिली की, "अहो, इथेच जाऊन या. पुढे काही सोय नाही." पद्माकरराव म्हणाले, "मला गरज नाही," आणि थर्मासातून आणखी एक पेला भरून घेतला. ही गोष्ट क्षुल्लक खरी, तरी वाचणारांनी गाठीस बांधावी.

मग दरीचे माथ्यावर पोचले तो काय पाहतात, रात्रीतून कोणी कड्यांवर कापूस पिंजून ठेविला आहे, निलगिरीची झाडे पांढरी होऊन ओणवी जाहली आहेत, आणि खाली तांबड्या मुलखावर धुके बसले आहे. शिवरामरावांनी तिपाई उभारिली.

इतक्यात मातुःश्री बर्फात उतरल्या आणि आज्ञा जाहली की, "जावईबापू, पह्यले माझा काढा न! नागपूरले धाडाचा हाय. पायबी येऊ द्या, नाहीतर बहीण म्हनंल, हे कापसातच उभी हाय." जावयाने काढिला. मग करुणाबाईंचा, मग करुणाबाई व मातुःश्री मिळून, मग कन्या ईशानीचा हवेत उडी मारताना, जी उडी पाच वेळा मारावी लागली, मग मीनाक्षीबाईंचा शालीसह आणि शालीवाचून. तेथे एक गोरे जोडपे कुत्रा घेऊन आले होते, त्यांनी अर्ज केला की, "मेट, वुड यू माइंड?" शिवरामराव म्हणाले, "नो वरीज," आणि कुत्रा कॅमेऱ्याकडे पाहीना, त्यातही बराच वेळ खर्ची पडला.

सरतेशेवटी साक्षीस आलेले पद्माकररावच कड्याचे कठड्यास रेलून म्हणाले, "एक माझा घे रे. सहज. दरीकडे बघतोय असा." मग पोट आत घेऊन एक, विचारात पडले ऐसा एक, टोपी काढून एक. त्यावर मागून गर्जना जाहली, "टोपी!" सबब टोपीसह पुन्हा सर्व.

तोवर सूर्य कड्यावर आला, झाडांवरून पाणी ठिबकू लागले आणि कठड्याअलीकडील सर्व बर्फाचा चिखल जाहला. ईशानी ओरडली, "डॅड, इट्स लिटरली मेल्टिंग!" शिवरामरावांनी पाहिले तो कठड्यापलीकडे, डावे अंगास, एका मोठ्या कातळापाशी उतरणीचा तुकडा तेवढा कोरा उरला होता, आणि त्यामागे सावलीतील दरी अजून पांढरी. तेवढेच जुलैचे पान. आणि ऐन त्याचे समोर, कठड्यापाशी, मातुःश्री पोह्यांची बशी घेऊन आल्या व पुसत्या जाहल्या, "इथं उभी राहू का जी?"

तेसमयी जे घडले ते या कुळात पूर्वी घडले नव्हते. शिवरामराव कडाडले, "बाजूला व्हा! सगळे! गाडीत बसा, दारं लावा, मला इथे एकही माणूस दिसता कामा नये! आई, तुम्हीसुद्धा!"

दरीने तो हुकूम दोनदा परत म्हणून दाखविला. करुणाबाईंचा घास हाती राहिला. मातुःश्रींनी जावयास नखशिखांत न्याहाळिले आणि म्हणाल्या, "अगं बाई, बोलते व्हय हा मानूस!" आणि मोठ्या समाधानाने गाडीत जाऊन बसल्या. गोरा मनुष्यही "फेअर इनफ, मेट" म्हणून कुत्र्यासुद्धा आपले गाडीत शिरला. पद्माकरराव कोठे दिसेनात. करुणाबाई समजल्या की ते आपल्या गाडीत रुसून बसले, आणि मीनाक्षीबाई समजल्या की ते शिवरामाच्या गाडीत उपदेश करीत बसले.

मग माथ्यावर कोणी नाही, वारा नाही, आणि ढगाचे फटीतून ऊन उतरून समोरील लाल कड्यावर पडले, खाली निळी सावली, आणि कोरा बर्फ ऐसा झळकला की शिवरामराव क्षणभर बटण दाबावयाचे विसरले. मग दाबिले. पाठोपाठ उतरणीवरील बर्फ घसरून गेला, दुसरा फोटो म्हणून निघाला नाही. मग कातळाकडील झाडीतून पद्माकरराव जाकिटाची चेन ओढीत, अत्यंत प्रसन्न मुद्रेने आले आणि म्हणाले, "झाला का? मी आपला गाडीतच होतो." कोणी अधिक पुसले नाही.

रविवारी स्कोफिल्ड्सात शिवरामरावांचे दिवाणखान्यात टीव्हीवर फोटो लाविला आणि तपासणी बसली. पद्माकररावांनी चष्मा पुसून कोपरे धुंडाळिले. कान नाही, कोपर नाही, ठसा नाही. शिवरामरावांनी श्वास सोडिला. तेव्हा ईशानी म्हणाली, "व्हॉट्स दॅट रेड थिंग?" आणि चित्र मोठे केले.

कातळाआडून एक तांबडा ठिपका वर आला होता. वाटोळा. वर गोंडा.

फोटोत माणूस नको हा कायदा ज्यांनी केला ते पद्माकरराव घामाघूम; कारण फोटो नामंजूर करावा तर तो माणूस कोण आणि कातळाआड कोणते राजकारण करीत होता, हे दप्तरी लिहावे लागते. बहुत खाकरून त्यांनी निवाडा दिला की, "फूल आहे ते. वाराटा. आपल्या राज्याचं लाल फूल."

ईशानी म्हणाली, "काका, वाराटा स्प्रिंगमध्ये येतो."

"एखादा येतो लवकर."

मीनाक्षीबाई टीव्हीपाशी गेल्या, निरखून पाहिले, आणि शांतपणे बोलल्या, "आणि याच्या पाकळ्या दोन सुलट, दोन उलट विणलेल्या आहेत."

मग सर्वांनी शिवरामरावांकडे पाहिले, की आता बोलावयास शिकलेला हा पुरुष काय बोलतो. शिवरामरावांनी पद्माकररावांचे मुखाकडे पाहिले, आणि करुणाबाईंकडे पाहिले, आणि म्हणाले, "असू दे दादा. नो वरीज."

येणेप्रमाणे कपर्टीची मोहीम फत्ते जाहली, आणि जुलैचे पान 'कपर्टीची दरी, वाराटा फुलासह. छायाचित्र: शिवराम' ऐसे मंजूर होऊन छापखान्यास गेले. प्रकाशनाचे दिवशी शिवरामराव कॅमेरा गळ्यात घालून आले, आणि खुर्च्या पद्माकररावांनी स्वतः, बोडक्या डोक्याने, न सांगता लाविल्या. लाल कानटोपी त्या शनिवारानंतर त्यांचे मस्तकी कोणी पाहिली नाही. ती आता पश्चिम सिडनीत घरोघरी, फ्रिजशेजारी, जुलैभर टांगली जाईल.